ऑपरेशन झालं, आता उठायचं कसं?

घरातल्या वयस्कर माणसाचं कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर आखडता घेतला आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच: ‘आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही.’ लिहिणाऱ्याला ते कौतुकाचं वाटतं, आम्हाला काळजीचं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पोट उघडून झालं, त्याला तीन आठवडे झाले. सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आजारापूर्वी ते आठवड्यातून दोनदा पर्वती चढायचे. आता जेवणखाण, औषध सगळं पलंगावरच देतो. वजन ६४ किलो होतं, ५७ झालं. परवा बाथरूमला जाताना भोवळ येऊन भिंतीला टेकले. बीपी आणि शुगरच्या गोळ्या नियमित चालू आहेत. आराम अजून किती दिवस द्यायचा?

उत्तर : आराम आजपासूनच कमी करत आणा. पण आधी भोवळीचं बघू, कारण ते लांबवण्यासारखं नाही.

बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचे डोस ६४ किलोच्या, नीट जेवणाऱ्या, रोज हिंडणाऱ्या माणसासाठी ठरले होते. आता वजन सात किलोंनी उतरलंय, जेवण निम्म्यावर आलंय, गोळ्या मात्र त्याच. घरी बीपीचं मशीन असेल तर असं करा: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर भोवळीचं एक कारण सापडलं. तिन्ही आकडे लिहून फिजिशियनना त्याच दिवशी कळवा. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या कागदावर बहुतेक वेळा ‘जुनी औषधं चालू ठेवा’ एवढंच असतं आणि जुनी औषधं देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनचा पत्ताच नसतो. या दोघांच्या मधल्या फटीत पेशंट पडतो, अक्षरशः. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन चालू असेल तर तीही सांगा, तिनेही उभं राहताना बीपी उतरतं. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर भोवळ आली की साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मनाने गोळ्या बंद करू नका. डोस बदलायचं काम डॉक्टरांचं, आकडे पुरवायचं तुमचं.

आता आरामाचं. निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर दोन्ही पायांतून मिळून सुमारे एक किलो स्नायू झडतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तुमच्या वडिलांचे तर तीन आठवडे झाले, वर ऑपरेशनचा मार आणि उपासमार वेगळी. त्यामुळे जे दिसतंय त्याला सरसकट ‘वय’ म्हणू नका. त्यातलं बरंचसं पलंगाने केलेलं आहे आणि ते बऱ्याच अंशी परत मिळवता येतं. आजारापूर्वी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारा माणूस आहे. त्यांची मूळची कुवत हीच. डॉक्टरांना वय सांगाल तेव्हा हेही सांगा, कारण पुढची किमो झेपेल का, याचा अंदाज जन्मतारखेपेक्षा यावरून जास्त चांगला येतो.

आज ते कुठे आहेत, हे दोन चाचण्यांनी घरीच मोजा. पहिली चालण्याची. चार मीटर म्हणजे साधारण १३ फूट, दोन फुटी टाइल असेल तर साडेसहा टाइल्स. दोन पावलं आधीपासून चालायला लावा आणि रेघेपासून रेघेपर्यंतचा वेळ मोबाइलवर घ्या. चार सेकंदांच्या आसपास असेल तर छान, पाचच्या वर गेला तर ताकद कमी पडते आहे. दुसरी खुर्चीची. हात नसलेली, १७-१८ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीवर घालून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर मांड्या अशक्त झाल्या आहेत. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही, तर तेच लिहून ठेवा. दर रविवारी पुन्हा मोजा. या दोन्ही वेळा शेजारी माणूस उभा हवाच.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसायचं नाही, टाक्यांवर ताण येतो. आधी गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय कडेखाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत बसतं व्हायचं. बसल्यावर मिनिटभर थांबून, पावलं वर-खाली हलवून मग उभं राहायचं. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट धरायची. जेवण खुर्चीत, औषध खुर्चीत, पेपरही खुर्चीतच. पलंग रात्रीसाठी आणि दुपारच्या तासाभरासाठी.

जागेपणी दर दोन तासांनी पाच मिनिटं पॅसेजमध्ये चालवा. झेपतंय असं दिसलं की दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटं दोन वेळा जमायला हवं. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. नुसत्या चालण्याने मांड्या भरत नाहीत, म्हणून खुर्चीतून उठबस दिवसातून तीनदा, पाच-पाचपासून दहा-दहापर्यंत न्या. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा.

जिना भोवळीचा निकाल लागल्यावर आणि सर्जनने होकार दिल्यावरच. पहिल्या दिवशी चार पायऱ्या, परत घरात. सोबतच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहायचं: चढताना मागे, उतरताना पुढे. आपल्याकडे हौसेने हात धरून वर ओढतात, त्यात दोघंही पडतात. जुन्या जिन्यात प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की ते उचलू नका.

वजन उचलणं मात्र सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर नको, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. पाण्याची भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते आणि नातवंडं हट्टी असतात, दोन्हींपासून सावध.

आणखी एक विचारा. पोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन बऱ्याच पेशंटना चार आठवडे देतात. डिस्चार्जच्या धांदलीत ते राहून जातं. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, एकाएकी दम लागणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. स्तनाचं ऑपरेशन झालं, आता लेट्रोझोल चालू आहे. वजन ५२ किलो. भावाने कुठेतरी वाचून तिचं दूध आणि साखर बंद केली आहे, ‘साखरेवर कॅन्सर वाढतो’ म्हणून. सकाळी गव्हांकुराचा रस देतो. ती दिवसेंदिवस सुकत चालली आहे.

उत्तर : दूध उद्यापासून सुरू करा. साखर पोटात गेली नाही तरी शरीर रक्तातली साखर स्वतः तयार करतं, आणि खाणंच तुटलं तर ती स्नायू मोडून करतं. म्हणजे उपाशी राहते ती आई. मधुमेह नसेल तर चहातल्या चमचाभर साखरेवरून घरात वाद नको. स्तनाच्या कॅन्सरनंतर दूध बंद करावं, याला आधार नाही. उलट लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात, तेव्हा कॅल्शियम तर हवंच. हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी झाली नसेल तर करून घ्या, व्हिटॅमिन डीही तपासा. गव्हांकुराचा रस प्यायला हरकत नाही, पण तो जेवणाची जागा घेत असेल तर बंद करा. त्यात प्रोटीन नगण्य असतं.

मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. आईला म्हणजे ६२ ते ७८ ग्रॅम. आपलं नेहमीचं ताट यात फार कमी पडतं. चहा-बिस्किट, दोन पोळ्या, फळभाजी, पातळ वरण-भात, रात्री मऊ खिचडी, एवढ्यात तीस ग्रॅमसुद्धा जेमतेम होतात. ‘हलकं’ म्हणून दिलेल्या पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम असतात, भाताच्या पेजेत त्याहूनही कमी. आजाऱ्याला हलकं द्यायचं, ही सवय तापापुरती ठीक होती.

शाकाहारात हिशेब असा बसवता येतो. दोन कप, म्हणजे ४०० मिली दूध: १३ ग्रॅम. ७५ ग्रॅम पनीर: १३. एक वाटी दही: ५. दोन वाट्या घट्ट वरण, प्रत्येकी ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं: १४. मटकीची किंवा मुगाची एक वाटी उसळ: ७. ओंजळभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे किंवा दाणे: ७. दिवसभरात चार पोळ्या किंवा भाकरी: १२. बेरीज ७१. एका बैठकीत ढीगभर दिलेल्याचा स्नायूंना तितका उपयोग होत नाही, म्हणून सकाळ, दुपार, रात्र अशी २०-२५ ग्रॅमची वाटणी करा. आपल्याकडे सकाळचा नाश्ता कोरडा असतो. पोह्यांत दाणे वाढवा, उपम्याऐवजी मुगाचं धिरडं पनीर भरून द्या. भाकरी नाचणीची केली तर एका भाकरीतून सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, ते वर.

दात किंवा चव यांमुळे एवढं जात नसेल तर दुधात प्रोटीन पावडर घालायला हरकत नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी) वाढलेलं असेल तर मात्र हा सगळा हिशेब आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : छातीच्या व्यायामाला दिलेलं तीन गोळ्यांचं खेळणं बाबा रोज फुंकतात, गोळ्या वर येत नाहीत. मशीन बिघडलंय का?

उत्तर : फुंकायचं नाही, ओढायचं. पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सरबत ओढावं तसा सावकाश आत ओढा. पहिली गोळी वर टिकवून ठेवणं हे तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा कामाचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा, बसून. मधे चक्कर आली तर थांबा.

प्रश्न : सासूबाई ७६. पोटाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री त्या भलतंच बोलायला लागल्या. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, सलाइनची सुई ओढून काढली, मुलाला ओळखेनात. दिवसा बऱ्या असायच्या. आठवड्याने ठीक झाल्या. नातेवाईक म्हणतात भूल मेंदूत गेली, आता वेड लागणार. दोन महिन्यांनी दुसरं छोटं ऑपरेशन आहे.

उत्तर : याला डिलिरियम म्हणतात आणि वयस्कर पेशंटमध्ये ऑपरेशननंतर हे बऱ्यापैकी दिसतं. काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतं, चढउतार होतात, रात्री वाढतं. विस्मरणाचा आजार महिनोन् महिने हळूहळू चढतो, तो हा नव्हे. नुसत्या भुलीला दोष देऊन उपयोग नाही. जंतुसंसर्ग, न सांगितलेली वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, उतरलेलं सोडियम, झोपेच्या गोळ्या, अपुरी झोप, यांतली दोन-तीन कारणं सहसा एकत्र येतात. याचा एक शांत प्रकारही असतो: पेशंट गुपचूप पडून राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, आणि सगळे म्हणतात ‘किती छान झोपल्यात.’ तो हमखास नजरेतून सुटतो.

एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता जास्त, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच्या त्या रात्रीबद्दल सांगा. सगळी औषधं दाखवा. सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळीसुद्धा दाखवा, त्यातल्या जुन्या अँटिहिस्टामिनने म्हातारा मेंदू गोंधळतो. वर्षानुवर्षं अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी चालू असेल तर ऑपरेशनच्या तोंडावर ती एकदम थांबवू नका, तुटल्यानेही हेच होतं. घरातल्या कोणाचं ऑपरेशन असेल आणि रोजचा एखादा पेग असेल, तर तोही न लाजता सांगावा.

हॉस्पिटलच्या पिशवीत चष्मा, कानाचं यंत्र, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि कवळीची डबी आधी भरा. ऑपरेशनच्या आधी या वस्तू नर्स काढून देते आणि त्या दोन दिवस कुणाच्या तरी पर्समध्ये राहतात. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याने गोंधळायचं नाही तर काय करायचं? शुद्धीवर आल्यावर तासाभरात त्या चढवायला सांगा. घड्याळ आणि कालनिर्णय समोर दिसेल असं लावा. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद, आणि ओळखीचं एकच माणूस जवळ, दहा जणांची रांग नको. भलतं बोलल्या तर वाद घालू नका, ‘मी इथे आहे, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात’ एवढं पुन्हा पुन्हा सांगा. हात बांधल्याने गोंधळ वाढतो.

आताच्या ऑपरेशनला तीन महिने होतील तेव्हा त्यांची स्मरणशक्ती एकदा तपासून घ्या. डिलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे विस्मरणाचा धोका वाढतो, म्हणून लक्ष ठेवायचं.

प्रश्न : यजमान ६९. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावली आहे. पिशवी दिवसातून सात-आठदा रिकामी करावी लागते. अशक्तपणा आहे म्हणून मी दिवसभर पाणी आणि नारळपाणी देते, तरी जीभ कोरडी, पायात गोळे, लघवी थोडी. पिशवीभोवतीची कातडी लाल झाली आहे. कोथरूड.

उत्तर : ही गोष्ट आज करायची आहे, पुढच्या अपॉइंटमेंटला नाही. प्लॅस्टिकचं एक लिटरचं मापाचं भांडं आणा आणि चोवीस तासांत पिशवीतून किती निघतं ते मोजून लिहा. ६०० ते १००० मिली ठीक. १५०० च्या वर जात असेल तर शरीर सुकतंय, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. चक्कर येत असेल किंवा लघवी जवळपास बंद झाली असेल तर मोजत बसू नका, सरळ घेऊन जा. सलाइन लागतं.

तुम्ही पाणी देताय आणि ते सुकताहेत, याचं कारण समजून घ्या. लहान आतड्यातून मीठ बाहेर चाललंय. साधं पाणी, चहा, नारळपाणी यांत सोडियम फार कमी. ते आत गेलं की आतड्याच्या भिंतीतून मीठ त्यात ओढलं जातं, मिठामागे पाणी, आणि दोन्ही पिशवीत. जेवढं जास्त साधं पाणी, तेवढी पिशवी भरते. म्हणून जास्त निघत असेल त्या दिवसांत साधं पाणी आणि चहा मिळून अर्धा ते एक लिटरवर आणा आणि बाकीची तहान ओआरएसवर भागवा. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं पाहून घ्या. मोठं २१.८ ग्रॅमचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं. रंगीत खोक्यातली गोड पेयं ओआरएससारखी दिसतात, पण त्यांत साखर भरमसाट आणि मीठ कमी असतं, त्यांनी जुलाब वाढतात. हृदय किंवा किडनीचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी, तसंच शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर फोनवर तेही लगेच सांगा. सुकलेल्या शरीरात या गोळ्या किडनीला महाग पडतात.

सर्जनने लोपेरामाइड (पिशवीतून निघणारं कमी करणारी गोळी) दिली तर ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, जेवणानंतर घेतली तर उपयोग कमी. भात, साबुदाणा, पिकलेलं केळं यांनी घट्टपणा येतो. मका, खोबऱ्याचे तुकडे, मशरूम, संत्र्याच्या फोडीची साल हे पहिले सहा-आठ आठवडे नको, पोटावरच्या आतड्याच्या तोंडाशी अडकतं. पिशवीत आख्खी गोळी दिसली तर तिचं पाकीट जपून ठेवा. ‘एसआर’, ‘ईआर’ लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या या लहान वाटेत विरघळायच्या आत बाहेर पडतात. त्या बदलून घ्याव्या लागतात.

कातडी लाल होते ती बहुतेक वेळा चिकटपट्टीच्या भोकामुळे. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आकसत जातो आणि घरात भोक मात्र पहिल्या दिवशीच्या मापाचंच कापलं जातं. मधली कातडी उघडी राहते, तिला पाचकरस लागतो, ती भाजते. दर आठवड्याला कागदाची चकती लावून माप घ्या, भोक स्टोमापेक्षा चौफेर दोन-तीन मिलिमीटरच मोठं. कोमट पाण्याने धुवा, टिपून पूर्ण कोरडं करा. तेल, साय, पावडर असं मनाने काही लावलं की पट्टी धरत नाही आणि गळती सुरू. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, अर्ध्याच्या वर गेली की वजनाने पट्टी सुटते.

प्रश्न : वय ६६, हडपसर. गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. आता शेक (रेडिएशन) चालू आहे. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही आणि डावा हात डोक्यापर्यंत जात नाही, वेणी घालता येत नाही. मिश्री सोडली, पण सकाळी फार आठवण येते.

उत्तर : तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडणं म्हणजे जबडा आखडणं. ताई, शेकाच्या काळात आणि नंतरचे काही महिने ते वाढत जातं, म्हणून दुखतं म्हणून थांबायची ही वेळ नाही. सर्जन हो म्हणाले की आइसक्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या घ्या. जेवढ्या सहज बसतात तेवढ्या वरच्या-खालच्या दातांमध्ये ठेवा, मग मधे आणखी एक सरकवा. तीस सेकंद धरा, सोडा, असं पाचदा, दिवसातून चार वेळा. एक काडी दीड-दोन मिलिमीटरची असते, आठवड्यात एक वाढली तरी पुष्कळ. वेदनाशामक चालू असेल तर अर्धा तास आधी घ्या.

खांद्याचं कारण गालात नाही, मानेत आहे. गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो. नस शाबूत असेल तर बऱ्याचदा काही महिन्यांत ताकद परत येते, तोवर सांधा आखडू द्यायचा नाही. झोपून, उजव्या हाताने डावा मनगटाशी धरून डोक्याकडे न्या, दहादा, दिवसातून तीन वेळा. बसताना कोपराखाली उशी. पिशवी त्या खांद्यावर अडकवू नका. मिश्रीची तलफ पाच-दहा मिनिटांची असते. त्या वेळी लवंगही नको, शेकाने तोंड सोलवटलेलं असतं. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा भरा, त्या तशाही दिवसातून चार-सहा वेळा करायच्याच आहेत. शेक झालेल्या जबड्यातला दात कधी काढायचा झाला तर शेकाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका, हाड भरून येत नाही.

प्रश्न : मी स्वतः ८० वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. पण मुलं-सुना मला ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत. मंडईत जाईन म्हटलं तर सगळे एकदम ‘नको’ म्हणतात. मी आता नुसती बसून असते. रात्री झोप येत नाही.

उत्तर : आजी, दिवसभर बसून राहिल्यावर रात्री झोप कशाने यावी? पाच महिन्यांत टाके भरले. घरचे घाबरलेत, कारण कुणी त्यांना ‘आता चालेल’ असं सांगितलेलं नाही. कागदावर बंधनं लिहून मिळतात, ती उठल्याचं कुणी लिहून देत नाही.

तोवर बसून होणारी कामं हातात घ्या. भाजी निवडणं, चिरणं, दाणे सोलणं. कणीक मळणं तर हाताच्या पकडीचा उत्तम व्यायाम आहे, आणि पकड सुटली की पडणं वाढतं. मग ओट्यापाशी दहा मिनिटं, मागे खुर्ची ठेवून. मंडईत जाल तेव्हा सकाळी दहाच्या पुढे, पाऊस नसताना, बंद चपला घालून, सोबत एक जण आणि पिशवी त्याच्या हातात. भाव तुम्ही करायचा. दोन आठवडे सलग कशातच मन रमलं नाही, जेवण नको झालं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

पुढच्या तपासणीला सुनेला बरोबर न्या. तिच्यासमोर विचारा, ‘डॉक्टर, माझ्यावर कुठलं बंधन उरलंय?’ जे काही उत्तर असेल ते केसपेपरवर लिहून मागा, सही-तारखेसह. आणि घरी आल्यावर तो कागद फाइलमध्ये घालू नका, फ्रिजवर लावा.